काँक्रीटच्या जमिनीखालून बाथरूमची जागा बदलताना

सांगली आणि मिरजेच्या जुन्या वसाहतींत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बांधलेल्या पुष्कळ बैठ्या घरांमध्ये संडास आणि न्हाणीघर मागच्या पडवीच्या टोकाला असते. घर बांधणारे गृहस्थ तेव्हा पस्तिशीत होते; आता तेच पंचाहत्तरीत रात्री तीनदा उठून, स्वयंपाकघर ओलांडून, दोन पायऱ्या उतरून तिथपर्यंत जातात. त्यामुळे झोपायच्या खोलीला लागून बाथरूम करावे, हा विचार घराघरांत निघतो. विचार योग्यच आहे, पण त्याची सुरुवात बहुतेक ठिकाणी चुकीच्या टोकाकडून होते. आधी टाइल्सचे दुकान, मग कमोड, मग प्लंबर, आणि जमीन फोडून झाल्यावर सर्वांत शेवटी बाहेरच्या चेंबरचे झाकण उघडले जाते. हा क्रम नेमका उलटा हवा. नवे बाथरूम कुठे होऊ शकते हे चेंबरच्या तळाची पातळी ठरवते; घरमालक आणि वास्तुशास्त्र सांगणारे यांची पाळी त्यानंतर येते.

मी घरबांधणीच्या देखरेखीचे काम करतो आणि विश्रामबागेतल्या आमच्या स्वतःच्या घरातही आईसाठी बाथरूमची जागा बदलून घेतली आहे. त्या कामात माझ्याकडून एक चूक झाली, ती तिच्या जागी सांगेन.

जमीन कोणत्या प्रकारची आहे?

काँक्रीटची जमीन म्हणताना आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. तळमजल्यावरची जमीन म्हणजे जोत्यात मुरमाचा भराव, त्यावर दगडी सोलिंग, त्यावर साधारण ४ इंच जाडीचे साधे काँक्रीट आणि वर शहाबादी किंवा टाइल. या काँक्रीटमध्ये सहसा सळई नसते आणि ते मातीवर टेकलेले असते, म्हणून त्यातून एक फूट रुंदीचा चर काढल्याने घराला धोका पोहोचत नाही. सावध राहायचे ते भिंतीखालच्या प्लिंथ बीमपाशी. बीम फोडून पाइप नेणे हा गुन्हा समजावा. पाइप बीमच्या खालून न्यावा.

वरच्या मजल्यावरची जमीन म्हणजे ४ ते ५ इंच जाडीचा आरसीसी स्लॅब, आणि तो हवेत तोललेला असतो. त्याच्या पृष्ठभागात खाच मारून पाइप बसवण्याचा विचारही करू नये, कारण त्या जाडीत सळया आणि त्यांच्यावरचे आवरण वगळता शिल्लक काही राहत नाही. वरच्या मजल्याचा विषय वेगळा असल्यामुळे तो शेवटाकडे थोडक्यात घेतला आहे. पुढचे बहुतेक विवेचन तळमजल्याचे आहे.

जुनी लाइन नेमकी कुठे जाते?

जुन्या घरांचे ड्रेनेजचे नकाशे कुणाकडे नसतात, आणि असले तरी गवंड्याने त्याबरहुकूम काम केलेले असेलच असे नाही. म्हणून घराभोवतीची सगळी झाकणे उघडावीत, बादलीभर पाण्यात मूठभर हळद कालवून ती जुन्या कमोडमध्ये ओतावी आणि कोणत्या चेंबरमध्ये, कोणत्या बाजूने आणि किती वेळाने पिवळे पाणी येते ते पाहावे. नंतर न्हाणीच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी धरून खालचा वास अडवणाऱ्या वळणात, तसेच करावे. सांगलीत हळदीला तोटा नाही, आणि हा प्रयोग कोणत्याही तोंडी माहितीपेक्षा विश्वासार्ह आहे. आमच्याकडे न्हाणीचे पाणी गली ट्रॅपमध्ये (सांडपाण्यासाठी घराबाहेर असलेल्या ट्रॅपमध्ये) न जाता थेट मैल्याच्या चेंबरमध्ये उतरते, हे आम्हांला पस्तीस वर्षांनी हळदीमुळे कळले. न्हाणीत उन्हाळाभर दुर्गंधी का येते याचे उत्तरही त्यातच होते.

झाकण उघडल्यावर लगेच वाकून डोके आत घालू नये. सेप्टिक टाकीच्या बाबतीत तर झाकण उघडून बराच वेळ थांबावे, जवळ काडी पेटवू नये आणि कोणत्याही परिस्थितीत माणसाला आत उतरवू नये. टाकीतला वायू क्षणात बेशुद्ध करतो, आणि २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून टाकीची सफाई करून घेणे हा गुन्हा आहे.

दर फुटाला दोन सूत

आता मुख्य हिशेब. मैल्याच्या ११० मिलिमीटर पाइपला दर फुटाला २ सूत, म्हणजे पाव इंच उतार द्यावा. गवंडी ज्याला सूत म्हणतात तो इंचाचा आठवा भाग. मीटरच्या भाषेत हा उतार साधारण ४८ ला १ येतो. यापेक्षा उतार फार कमी झाला तर मैला रेंगाळतो, आणि फार जास्त झाला तर पाणी पुढे पळून मैला मागे राहतो. न्हाणीच्या ७५ मिलिमीटर पाइपलाही एवढाच किंवा थोडा अधिक उतार चालतो.

ही पातळी मोजायला पारदर्शक नळीची पाण्याची लेव्हल पुरते. नळीत बुडबुडा राहिला नाही याची खात्री करून तिचे एक टोक खोलीतल्या भिंतीवर, तयार फरशीपासून बरोबर ३ फुटांवर मारलेल्या खुणेपाशी धरावे आणि दुसरे टोक बाहेर चेंबरशेजारी उभ्या केलेल्या काठीला लावावे. दोन्हीकडचे पाणी स्थिर झाले की काठीवर खूण करून त्या खुणेपासून चेंबरमधल्या वाहत्या पन्हाळीपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. त्यातून ३ फूट वजा केले की फरशीच्या खाली चेंबर किती खोल आहे ते कळते. आमच्याकडे हा आकडा २२ इंच आला.

कमोड जमिनीतून निचरा होणारा असेल तर त्याच्याखालचा बेंड वळून आडवा होईपर्यंत पाइपचा तळ फरशीखाली साधारण १० इंच जातो. आईच्या खोलीलगतच्या जागेपासून चेंबरपर्यंत चराच्या मार्गाने २१ फूट अंतर होते. २१ फुटांना ४२ सूत, म्हणजे सव्वापाच इंच. दहा अधिक सव्वापाच मिळून सव्वापंधरा इंच खोली हवी होती आणि उपलब्ध २२ इंच होती, जागा बसली. त्याआधी घरातल्यांनी वायव्येची जागा सुचवली होती. तिथून अंतर ४४ फूट, म्हणजे ८८ सूत, म्हणजे ११ इंच. दहा आणि अकरा मिळून एकवीस. कागदावर एक इंच शिल्लक दिसतो, पण नव्या पाइपचे तोंड चेंबरच्या वाहत्या पन्हाळीपेक्षा किमान दीड-दोन इंच वर असावे लागते, नाहीतर जुन्या लाइनचे पाणी नव्या पाइपात मागे शिरते. शिवाय वाटेत दोन भिंती होत्या. वायव्येचा प्रस्ताव लेव्हलच्या नळीने पाच मिनिटांत निकालात काढला, आणि नळीशी वाद घालणारे कुणी नसल्यामुळे घरातही शांतता राहिली.

हिशेब बसत नसेल तर तीन मार्ग उरतात. बाथरूम चेंबरच्या जवळ आणावे, नवे चेंबर करून ते पुढच्या अधिक खोल चेंबरला जोडावे, किंवा बाथरूमची जमीन ५-६ इंच उचलावी. ज्येष्ठांसाठी बाथरूम करायचे असेल तर शेवटचा मार्ग शक्यतो टाळावा. पडवीतल्या पायऱ्या चुकवण्यासाठी एवढा खर्च करून खोलीत नवी पायरी निर्माण करण्यात अर्थ नाही.

साताऱ्यात प्रश्न नेमका उलटा असतो. सांगलीच्या सपाट जमिनीत उतार मिळवावा लागतो, तर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी किंवा उतारावरच्या वस्त्यांत तो आवरावा लागतो. चेंबर घराच्या फार खाली असेल तर सगळा पाइप त्या तीव्र उताराने टाकू नये. घरातून बाहेर येईपर्यंत नेहमीचा उतार ठेवावा आणि चेंबरपाशी उभा पाइप देऊन पाणी खाली उतरवावे. तिथे दुसरी अडचण काळ्या कातळाची. फूटभर मुरूम खोदल्यावर कातळ लागला तर ब्रेकरने दिवसच्या दिवस हाणत बसण्यापेक्षा मार्ग बदलणे स्वस्त पडते, म्हणून चराच्या मार्गावर दोन-तीन ठिकाणी आधी चाचणीचे खड्डे घेऊन पाहावेत.

कमोड आधी, पाइप नंतर

कमोड भिंतीतून निचरा होणारा, म्हणजे पी-ट्रॅपचा, की जमिनीतून निचरा होणारा, म्हणजे एस-ट्रॅपचा, हे पाइप टाकण्यापूर्वी ठरलेले असले पाहिजे. पी-ट्रॅपचे तोंड तयार फरशीपासून साधारण १८० ते १८५ मिलिमीटर उंचीवर असते. एस-ट्रॅपमध्ये भिंतीच्या तयार टाइलपासून तोंडाच्या मध्यापर्यंतचे अंतर मॉडेलनुसार बदलते; ९ इंचांचे कमोड मिळतात तसेच १२ इंचांचेही मिळतात. दुकानदाराने तोंडी सांगितलेल्या मापावर विसंबू नये. कमोड घरी आणून, पुठ्ठ्याचे खोके उघडून, स्वतः टेप लावावा आणि प्लास्टर व टाइल मिळून भिंतीची जाडी सव्वा ते दीड इंच वाढणार आहे हे त्यात धरावे.

नवे बाथरूम बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर माझी पसंती निःसंशय पी-ट्रॅपला आहे. मैल्याचा पाइप भिंतीतून थेट बाहेर पडतो, बाहेर उभा करून जमिनीतून चेंबरला जोडता येतो, आणि घरातली फरशी फक्त न्हाणीच्या ट्रॅपपुरती फोडावी लागते. चोंदले तरी बाहेरून उघडता येते. जमीन फोडावी लागेल की नाही, हा प्रश्न कमोडच्या निवडीनेच निम्मा सुटतो. आमच्या घरी बाहेरच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांची हद्द असल्यामुळे तो मार्ग बंद होता आणि चर काढणे भाग पडले.

फरशी फोडणे

मार्ग ठरल्यावर फरशीवर दोन समांतर रेषा १२ ते १४ इंच अंतरावर ओढाव्यात, त्या खोलीतला वीजपुरवठा मुख्य ठिकाणाहून बंद करावा, आणि रेषांवरून डायमंड ब्लेडच्या कटरने आधी काप घ्यावेत. काप न घेता सरळ ब्रेकर चालवला तर शहाबादीला आणि कोब्याला दूरवर तडे जातात आणि दुरुस्ती तिप्पट होते. काप घेताना एकाने सतत पाण्याची धार धरावी. कोरड्या कटरची धूळ आठवडाभर घरातून जात नाही, आणि फुफ्फुसातून तर त्याहून उशिरा. ज्यांना शहाबादी वाचवायची असेल त्यांनी ती छिन्नीने सांध्यातून हलवून उचलावी. जुन्या जाड शहाबादीसारखी फरशी आता सहज मिळत नाही.

निघालेले काँक्रीट, सोलिंगचे दगड आणि माती यांचे वेगवेगळे ढीग करावेत. दगड परत वापरता येतात. माती मुरमाची असेल तर तीही वापरता येते. काळी माती मात्र सरळ बाहेर टाकावी. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे. भाराच्या भिंतीला समांतर चर खोदत असाल तर तो पायाला चिकटून आणि पायाच्या तळापेक्षा खोल जाऊ देऊ नये. चर भिंतीखालून आडवा न्यायचा असेल तर पाइपापुरतेच भोक घ्यावे, त्यात पाइपापेक्षा मोठ्या व्यासाचा तुकडा आवरण म्हणून ठेवावा आणि आतला पाइप मोकळा राहू द्यावा, म्हणजे भिंत किंचित खचली तरी तिचा भार पाइपावर येत नाही.

पाइप अंथरणे

चराचा तळ आवश्यक पातळीपेक्षा ३ इंच अधिक खोल घ्यावा, तो धुमसाने चोपावा आणि त्यावर ३ इंच वाळू किंवा क्रश सँड पसरून तीच उताराला आणावी. सुट्या विटांवर किंवा दगडांच्या तुकड्यांवर पाइप टेकवत जाणे ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे आणि ती चुकीची आहे. पाइप दोन टेकूंच्या मध्ये कालांतराने झुकतो. त्याची पाठ पूर्ण लांबीभर वाळूवर टेकली पाहिजे आणि सॉकेटच्या जागी वाळूत थोडी खळगी केली पाहिजे.

पाइप आयएस (भारतीय मानक) १३५९२ चे चिन्ह असलेला, बी प्रकारचा एसडब्ल्यूआर, म्हणजे मैला-सांडपाण्यासाठीचा पीव्हीसी पाइप घ्यावा; ए प्रकार मुख्यतः हवेच्या आणि पावसाच्या पाण्याच्या पाइपासाठी असतो. सॉकेटचे तोंड नेहमी वरच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडून येते तिकडे ठेवावे. रबर रिंगच्या जोडात पाइपाचे टोक कानसीने तिरके करून, त्याला वंगण लावून पूर्ण आत ढकलावे आणि मग सुमारे १० मिलिमीटर मागे ओढावे, कारण गरम पाण्याने पाइप लांबतो आणि त्याला जागा लागते. काटकोनाचा एक बेंड टाकण्याऐवजी ४५ अंशांचे दोन टाकावेत, फांदी जोडताना टी ऐवजी वाय वापरावा, आणि जिथे वळण अटळ असेल तिथे झाकणाचा बेंड बसवून ते झाकण उघडता येईल अशी सोय फरशीत ठेवावी. न्हाणी, बेसिन आणि कपडे धुण्याचे यंत्र यांचे पाणी किमान ५० मिलिमीटर पाणी कायम धरून ठेवणाऱ्या न्हाणी ट्रॅपमधून बाहेरच्या गली ट्रॅपला न्यावे; ते मैल्याच्या पाइपात परस्पर सोडू नये.

हवेच्या पाइपाकडे सगळेच दुर्लक्ष करतात. नव्या लाइनच्या वरच्या टोकाशी किमान ५० मिलिमीटरचा, शक्य तर ७५ चा, उभा पाइप गच्चीच्या कठड्याच्या वर नेऊन जाळीची टोपी लावावी. तो नसेल तर फ्लश करताच लाइनमधली हवा खेचली जाते, न्हाणीच्या ट्रॅपमधले पाणी गुडगुड आवाज करत ओढले जाते आणि त्या रिकाम्या ट्रॅपमधून वास आणि झुरळे घरात येतात. हा गुडगुडाट ऐकून लोक ट्रॅप बदलतात, आणि नवा ट्रॅपही तसाच गुडगुडतो.

आमच्या पाइपाला आलेले पोट

आता ती चूक. आमच्या २१ फुटांच्या चरात मधला सहा-सात फुटांचा पट्टा काळ्या मातीचा निघाला. घर बांधताना जोत्यात मुरूम कमी पडल्यावर अंगणातलीच माती आत लोटलेली असावी. पाइप टाकून झाला त्या दिवशी क्रश सँडची गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशी मला दुसऱ्या कामावर हजर राहायचे होते. प्लंबरने विचारले, तेव्हा मी उताराला हरकत नाही हे पाहिले आणि निघालेलीच माती खाली-वर भरून घ्यायला सांगितले. धुमस मारला गेला, पण एकाच थरात, वरून.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते, हे सांगलीत शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पावसाळा संपला आणि दसऱ्याच्या सुमारास फ्लश सुस्त झाला. चेंबरकडून लवचीक पट्टी आत घातली तेव्हा ती ९ फुटांवर मऊ गाळात रुतली. नवी टाइल उचलावी लागली. उघडल्यावर दोरी ताणून पाहिले, तर मधल्या पट्ट्यात पाइप दोरीपासून पाऊण इंच खाली गेला होता आणि त्या पोटात पाणी उभे होते. पाइप फुटला नव्हता, सांधा सुटला नव्हता, प्लंबरच्या कामात खोट नव्हती. काळी माती दीड फूट खाली, पक्का थर लागेपर्यंत काढली, तिथे मुरूम ६-६ इंचांच्या थरांत पाणी मारून चोपला, वर वाळू घातली आणि तोच पाइप पुन्हा टाकला. तेव्हापासून पाणी नीट वाहते.

म्हणून भराव करताना पाइपाच्या दोन्ही बाजूंना आधी वाळू हाताने दाबून भरावी, पाइपाच्या माथ्यावर ४ ते ६ इंच वाळू येईपर्यंत धुमस लावू नये, आणि त्यानंतर मुरूम ६ इंचांच्या थरांनी ओला करून चोपावा. वाळवीचा त्रास असलेल्या घरात वाळवीप्रतिबंधक द्रावण याच वेळी चराच्या कडांना मारून घ्यावे. पुन्हा अशी संधी येत नाही.

भराव करण्यापूर्वीची चाचणी

हे सगळे भरण्याआधी चेंबरकडचे तोंड रबरी बुचाने बंद करून लाइन कमोडच्या तोंडापर्यंत पाण्याने भरावी, पातळीवर खडूने खूण करावी आणि किमान दोन-तीन तास, जमल्यास रात्रभर, ती पाहावी. पाणी उतरले तर ओला सांधा शोधून दुरुस्त करावा. मग बूच काढून टेनिसचा चेंडू कमोडच्या तोंडातून सोडावा आणि बादलीभर पाणी ओतावे. चेंडू चेंबरमध्ये न अडखळता आला पाहिजे. ११० मिलिमीटरच्या पाइपातून तो सहज येतो. वाटेत थांबला तर तिथे उलट उतार आहे किंवा आत सिमेंट सांडलेले आहे. त्यानंतर टेप उलगडून चरात ठेवावा आणि प्रत्येक वळणाची, भिंतीपासूनचे अंतर दिसेल अशी छायाचित्रे काढून ठेवावीत.

पाणीपुरवठ्याचे पाइप

पिण्या-वापराच्या पाण्याचे पाइप जमिनीखालून नेऊ नयेत. ते भिंतीतून किंवा छतालगत न्यावेत. सीपीव्हीसीवर (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपावर) आयएस १५७७८ पाहावे, आणि चिकटवण्याचे सिमेंट सीपीव्हीसीचेच वापरावे, कारण साध्या पीव्हीसीचे सिमेंट गरम पाण्याच्या लाइनला टिकत नाही. भिंतीतली उभी खाच भिंतीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा, आणि आडवी सहाव्या हिश्शापेक्षा खोल नसावी आणि ४ इंची भिंतीत लांब आडवी खाच घेऊच नये. मिक्सरच्या दोन तोंडांमधले अंतर १५० मिलिमीटर ठेवावे. टाकी आणि शॉवर यांत १० मीटर उंची असेल तेव्हा कुठे दर चौरस सेंटीमीटरला १ किलोचा दाब मिळतो; बैठ्या घरात तो ३०० ग्रॅमच्या आसपासच असतो, म्हणून टाकीपासून येणारा मुख्य पाइप पाऊण किंवा एक इंची ठेवावा आणि अर्धा इंची फक्त नळापुरता घ्यावा. प्लास्टर करण्यापूर्वी हातपंपाने ५-६ किलो दाब चढवून दोन तास काटा हलत नाही ना, ते पाहावे. गिझरच्या सर्किटला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) यांत तडजोड नको.

काँक्रीट आणि जलरोधन

चरावर सोलिंगचे दगड पुन्हा बसवून ४ इंच काँक्रीट घालावे. जुन्या काँक्रीटच्या कडा छिन्नीने खरबरीत करून, ओल्या करून, सिमेंटची स्लरी लावल्याशिवाय नवे काँक्रीट ओतू नये, नाहीतर त्या रेषेवर वर्षभरात टाइलला चीर दिसते. सात दिवस पाणी मारावे.

तळमजल्यावर खाली कुणी राहत नाही, मग जलरोधन कशाला, असे बरेच जण विचारतात. खाली काळी माती राहते. तिच्यात रोज पाणी मुरले की ती फुगते आणि भिंतींना तिरक्या भेगा पडतात. म्हणून भिंत आणि जमीन यांच्या सांध्यात गोल वाटा मारून घ्यावा, आणि त्यावर पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे दोन हात एकमेकांना आडवे द्यावेत, भिंतीवर फूटभर उंच आणि शॉवरच्या बाजूला ६ फुटांपर्यंत. न्हाणीच्या तोंडाभोवतीची कड सर्वांत आधी गळते, तिथे जाळीची पट्टी घालून तिसरा हात द्यावा. लेप वाळल्यावर न्हाणीचे तोंड बंद करून दोन इंच पाणी ४८ तास कोंडून ठेवावे आणि मग टाइलला हात घालावा. टाइलचा उतार न्हाणीकडे दर मीटरला १० ते १५ मिलिमीटर पुरतो. दारात उंबरा न घेता बाथरूमची जमीन खोलीपेक्षा अर्धा इंच खाली ठेवली तर पाणीही अडते आणि पायही अडखळत नाही.

वरचा मजला आणि फ्लॅट

वरच्या मजल्यावर बाथरूम हलवणे म्हणजे एकतर त्याची जमीन वर उचलणे किंवा पाइप खालच्या छताखाली लटकवणे. मूळ बाथरूमखाली स्लॅब बुडवलेला असतो. घरातल्या इतर जागेखाली तो तसा बुडवलेला नसतो. जमीन उचलायची तर भरावासाठी विटांचे तुकडे आणि माती न वापरता हलके ब्लॉक वापरावेत, कारण ६ इंच ओल्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला २५० किलोच्या घरात जाते आणि स्लॅब त्यासाठी बांधलेला नसतो. स्लॅबला भोक पाडायचेच असेल तर स्ट्रक्चरल अभियंत्याने सळया शोधून खूण केलेल्या जागी, कोअर कटरनेच पाडावे. फ्लॅटमध्ये सोसायटीची आणि खालच्या रहिवाशांची लेखी संमती घ्यावी आणि आपला संडास दुसऱ्याच्या स्वयंपाकघरावर आणू नये. शक्य असेल तिथे फ्लॅटमध्ये हा बेत रद्द करावा, असेच मी सांगतो.

कृष्णेच्या पाण्याचा विचार

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. पूरपट्ट्यातल्या घरांत पुराचे पाणी दारातून येण्यापूर्वी ड्रेनेजमधून उलटे येते, आणि ते सर्वांत खालच्या तोंडातून, म्हणजे न्हाणीतून वर चढते. झोपायच्या खोलीला लागून नवी न्हाणी करताना हे ध्यानात ठेवावे. गावभाग, सांगलीवाडी किंवा नदीकाठच्या कोणत्याही वस्तीत नवी लाइन जोडताना शेवटच्या चेंबरमध्ये एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह बसवावा आणि दर मे महिन्यात त्याची झडप हाताने उघडून साफ करावी, कारण केस आणि चिंध्या अडकलेली झडप पुरात बंद होत नाही. महापालिकेच्या गटारलाइनला नवी जोडणी द्यायची असेल तर तिची परवानगी चर खोदण्यापूर्वी घ्यावी. घराच्या हद्दीतल्या जुन्याच चेंबरला जोडत असलात तरी प्रभागाच्या अभियंत्याला विचारून घ्यावे.

कामाला मुहूर्त संक्रांतीनंतरचा धरावा. जमीन कोरडी असते आणि काँक्रीटला पाणी मारायला हवा पोषक असते. चैत्रात मात्र गावोगावच्या यात्रा असतात आणि गवंडी, बिगारी आठ-आठ दिवस गावाकडे जातात, तेव्हा उघडा चर घरात ठेवून बसण्याची वेळ येऊ नये असा अंदाज घ्यावा. काम चालू असताना जुने बाथरूम सुरूच ठेवावे आणि नवी लाइन चाचणीत उतरल्यावरच त्याची जोडणी चेंबरपाशी कायमची बंद करावी. नुसता कमोड काढून तोंडावर फरशी टाकली तर आतला ट्रॅप महिन्याभरात कोरडा पडतो आणि मोकळ्या पाइपातून झुरळे आणि घुशी येतात. पाइप चेंबरमध्येच कापून, टोपी लावून, वर सिमेंट द्यावे.

नवे बाथरूम वापरात आल्यावर पहिला आठवडाभर रोज सकाळी चेंबरचे झाकण उघडून पन्हाळीत काही साचले आहे का ते पाहावे, आणि पहिला पावसाळा सरला की हळदीचे पाणी पुन्हा एकदा कमोडमध्ये ओतून ते चेंबरपर्यंत यायला पूर्वीइतकाच वेळ लागतो का, ते घड्याळ लावून मोजावे.